समुद्रकिनारा : दृश्य आणि कृती

१

मराठी कादंबरीच्या समीक्षेत 'निसर्गवर्णन' या नावाचा एक स्वतंत्र रकाना ठेवण्याची प्रथा जुनी आहे. कथानक, स्वभावरेखन, संवाद आणि भाषाशैली यांचा परामर्श घेऊन झाला की शेवटी या रकान्याकडे वळायचे, दोन-चार उतारे पुढे ठेवायचे आणि लेखकाच्या निरीक्षणशक्तीची वाखाणणी करून विषय आटोपता घ्यायचा, असा हा रिवाज. प्रादेशिक कादंबरीच्या चर्चेने या रकान्याचे नाव बदलले. 'निसर्ग' जाऊन 'वातावरण' आले, 'पार्श्वभूमी' आली. पुढे प्रदेश हे कादंबरीतील एक पात्रच होय, असेही प्रतिपादन होऊ लागले. या सगळ्या स्थित्यंतरात एक गृहीत मात्र अबाधित राहिले. प्रदेश आधीपासून तेथे असतो, माणूस नंतर येतो. प्रदेश माणसाला घडवितो, माणूस त्याला शरण जातो किंवा त्याच्याशी झुंजतो. उलट दिशेचा व्यापार, म्हणजे माणसाने प्रदेश घडविणे आणि मोडणे, हा समीक्षेने आपला विषय मानला नाही.

समुद्रकिनाऱ्याच्या बाबतीत हे गृहीत विशेष फसवे आहे. कोकणच्या निसर्गसौंदर्याचा उल्लेख होताच ज्या माडा-पोफळी डोळ्यांसमोर येतात, त्या माणसाने लावलेल्या आणि पाणी घालून वाढविलेल्या आहेत. खाडीकाठची भातशेती म्हणजे बांध घालून समुद्राकडून मागून घेतलेली जमीन होय. मिठागरे, बंदरे, धक्के हे तर उघडच हातांचे काम. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' (१९५२) या कादंबरीतील बागा वातावरणनिर्मितीसाठी वाखाणल्या गेल्या. पण त्याच कादंबरीत बापूला वर नेणारा सुपारीचा व्यापार आहे, आणि सुपारी ही त्या बागांचीच पैदास आहे. जे वातावरण म्हणून वाचले गेले, ते वस्तुतः उत्पादन आहे. कादंबरीला हे ठाऊक आहे. तिच्या वाचनातून ते निसटले.

किनारा ही एक कृती आहे, असे मानले की कलाकृतीला विचारावयाचे प्रश्न बदलतात. ही कृती कोणी केली, कोणाच्या श्रमाने केली, तिचा लाभ कोणाच्या पदरी पडला आणि हानी कोणाच्या, हे प्रश्न मग समीक्षेच्या कक्षेबाहेरचे राहत नाहीत. भिन्न काळी व भिन्न प्रदेशांत लिहिल्या गेलेल्या काही भारतीय ग्रंथांच्या आधारे या प्रश्नांची तपासणी करता येते.

२

प्रारंभ एका मराठी ग्रंथापासूनच करावा लागतो. गोविंद नारायण माडगांवकर (१८१५–१८६५) यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. गोव्यातून बालपणी मुंबईस आलेला, शिक्षकी पेशात आयुष्य घालविलेला हा लेखक 'सृष्टीतील चमत्कार' (१८५१) यासारखी बोधपर पुस्तके लिहिणारा होता. नावात 'वर्णन' असले तरी त्याच्या ग्रंथात दृश्यांचे वर्णन थोडे आणि कृत्यांचे फार आहे. बेटे कशी जोडली गेली, रस्ते, गोद्या, बाजार, कारखाने कसे झाले, कोणत्या गृहस्थाने काय बांधले, याची ती मोजदाद आहे. माडगांवकरांच्या मुंबईत जमीन ही निसर्गाची देणगी नाही. ती 'झालेली' वस्तू आहे. मराठी गद्याच्या आरंभकाळीच एका लेखकाने किनाऱ्याकडे मानवी उद्योग म्हणून पाहिले होते, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात नोंदली गेली ती 'शहराचा पहिला इतिहास' अशा शीर्षाखाली. तिचे वाङ्मयीन महत्त्व दुर्लक्षितच राहिले.

या दृष्टीला भाषेचा आधार होता. मुंबईची स्थळनामे आजही जुन्या समुद्राची साक्ष देतात. पायधुणी म्हणजे पाण्यातून अलीकडे आल्यावर पाय धुण्याची जागा. उमरखाडीत खाडी आहे, चिंचबंदरात बंदर आहे, आणि या ठिकाणी उभे राहिल्यास पाण्याचा मागमूस लागत नाही. समुद्र हटला, पण नावांतून हटला नाही. लोकांच्या स्मृतीत एक आख्यायिकाही टिकून आहे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्या दरम्यान, जेथून भरतीचे पाणी बेटांच्या मधल्या सखल भागात शिरत असे, तेथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांध घालण्याचे काम चालले होते. बांध पुन्हा पुन्हा ढासळू लागला. तेव्हा रामजी शिवजी नावाच्या प्रभू ज्ञातीच्या कारभाऱ्यास देवीचा दृष्टान्त झाला. समुद्रात बुडालेल्या मूर्ती वर काढून त्यांची स्थापना करण्याचे त्याने कबूल केले, आणि मगच बांध टिकला. कथेचा ऐतिहासिक खरेपणा येथे गौण आहे. समुद्राची जागा घ्यावयाची तर कोणाची तरी अनुज्ञा लागते आणि त्या अनुज्ञेचे मोल चुकवावे लागते, ही जाणीव या कथेने जपली आहे, हे महत्त्वाचे.

माडगांवकरांचा ग्रंथ निघाला त्या वर्षी अनुज्ञेचे हे स्वरूप पालटले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) मुंबईच्या कापसाला अवाच्या सवा भाव आला होता, आणि त्या पैशाच्या बळावर समुद्र भरून काढण्यासाठी कंपन्या निघत होत्या. अनुज्ञा आता देवीकडून नव्हे, तर भागांच्या बाजारातून मिळत होती. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि बॅक बे भरून काढण्यासाठी निघालेल्या कंपनीचे भाग घेणाऱ्या कितीकांची दिवाळी निघाली. त्याच वर्षी माडगांवकर वारले. त्यांच्या ग्रंथातील मुंबई म्हणून चढत्या भरतीची मुंबई आहे; ओहोटी त्यांच्या लेखणीच्या वाट्यास आली नाही.

ग्रंथाची मर्यादा येथेच दिसते. भरणीविषयी लेखकाचा कल कौतुकाकडे आहे. वरळीच्या बांधाने मधला दलदलीचा पट्टा कोरडा केला आणि तेथे वस्ती झाली, ही कौतुकाची गोष्ट खरीच. परंतु समुद्राला अटकाव केल्याने सखल जमीन उंच होत नाही. ती सखलच राहते. पावसाचे पाणी आणि भरती एकाच वेळी आली की त्या जमिनीला आपली जुनी पातळी आठवते, हा अनुभव मुंबईला पुढे पिढ्यान् पिढ्या येत राहिला. लाभाची जमा माडगांवकरांनी तत्परतेने लिहिली. खर्चाच्या बाजूला काय मांडावे, हे ठरविण्याइतका काळ त्यांच्या वेळी लोटला नव्हता.

३

यानंतर मुंबईहून केरळच्या किनाऱ्यावर जाणे सयुक्तिक ठरेल. कारण किनाऱ्याला कृती न मानता न्यायाधीश मानणारी, आणि तरीही त्या मानण्यालाच तडा देणारी एक मोठी कलाकृती तेथे निर्माण झाली. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' (१९५६) ही मल्याळम कादंबरी १९५७ साली साहित्य अकादेमीच्या पुरस्कारास पात्र ठरली आणि रामू करिआट यांच्या चित्रपटामुळे (१९६५) देशभर पोचली. कोळ्याची बायको किनाऱ्यावर पतिव्रता राहिली तरच समुद्रावर गेलेला तिचा नवरा सुखरूप परततो. नाहीतर कडलम्मा, म्हणजे समुद्रमाता, त्याला गिळते, ही श्रद्धा कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. करुत्तम्मा आणि परीक्कुट्टी यांची भेट होते त्या रात्री पळनी शार्कच्या मागे जाऊन भोवऱ्यात नाहीसा होतो. श्रद्धा खरी ठरली, असे वाचकास वाटावे अशीच ही रचना आहे.

परंतु कादंबरीत याच्या जोडीने दुसरे एक सूत्र वाहते, आणि ते कर्जाचे आहे. करुत्तम्माचा बाप चेंबनकुंजू याला स्वतःची होडी आणि जाळे हवे आहे. होडी कोणी घ्यावी, यासंबंधीचे किनाऱ्यावरचे जातिनियम तो झुगारतो. परीक्कुट्टीकडून माल आणि पैसा उचलतो आणि फेडत नाही. होडी मिळाल्यावर त्याची हाव वाढतच जाते. तेव्हा किनाऱ्याची जुनी घडी विस्कटली ती कोणामुळे? कादंबरीतील समाज उत्तर देतो : स्त्रीच्या पावित्र्यभंगामुळे. कादंबरीतील घटना उत्तर देतात : मालकीच्या नव्या हावेमुळे. ही दोन उत्तरे तकळी एकमेकांत मिसळू देत नाहीत. समुद्राचा कायदा बाईवर चालतो, बापाच्या हिशेबावर चालत नाही. या विसंगतीतूनच कादंबरीची शोकात्मता उभी राहते.

तकळी कुट्टनाडचे. तेथील भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. खाडीच्या पाण्यात बांध घालून आणि पाणी उपसून ती केलेली आहे. तेथील शेतमजुरांवर त्यांनी 'रंडिडंगळी' ही कादंबरी १९४८ मध्ये लिहिली होती. पाण्याकाठची जमीन हातांनी होते आणि ज्याचे हात त्याची ती होत नाही, हे सत्य या लेखकाला पुरते अवगत होते. त्यामुळे 'चेम्मीन'मधील समुद्राचे दैवतपण हे लेखकाचे भोळेपण नव्हे. पात्रांच्या श्रद्धेच्या आतून लिहिण्याची ती पद्धत आहे. ज्या समीक्षेने या कादंबरीचा गौरव केवळ 'समुद्राच्या आदिम शक्तीचे दर्शन' म्हणून केला, तिने कर्जाचे सूत्र सोडून दिले.

कादंबरीच्या बाहेर घडलेल्या गोष्टीने या सूत्राला अनपेक्षित पुष्टी दिली. 'चेम्मीन' या शब्दाचा अर्थ कोळंबी. कादंबरी लिहिली जात असताना कोल्लमजवळ नींडकरा येथे भारत-नॉर्वे प्रकल्पाचे काम १९५३ पासून सुरू झाले होते. यांत्रिक नौका आल्या, बर्फ आणि गोठवण आली, आणि पुढील काळात कोळंबी परदेशी जाणारा किमती माल झाली. तिच्यासाठी समुद्राचा तळ खरवडणारी जाळी फिरू लागली. वल्ह्यांवर जगणारे कोळी आणि यंत्रनौकांचे मालक यांत तंटे माजले, आणि अखेर १९८८ पासून केरळात पावसाळ्यात तळजाळ्यांच्या मासेमारीवर बंदी येऊ लागली. चेंबनकुंजूची एक होडी पाहून अस्वस्थ झालेल्या किनाऱ्यापुढे ही फार मोठी हाव उभी होती. समुद्राने किती द्यावे आणि माणसाने कोठे थांबावे, हे आता कडलम्माऐवजी सरकारी आदेशाने ठरू लागले. कादंबरीने भाकीत केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण कोठे पाहावे हे तिने दाखविले होते.

४

मराठीत मधु मंगेश कर्णिक यांची 'माहीमची खाडी' (१९६९) याच संदर्भात पुन्हा वाचावयास हवी. खाडीकाठच्या झोपडवस्तीतील माणसांचे जिणे हा तिचा विषय. तिचे वाचन झाले ते शहरी दारिद्र्याची कादंबरी म्हणून. तिच्या शीर्षकात मात्र माणसाचे नाव नाही, वस्तीचे नाव नाही; खाडीचे आहे. माहीमची खाडी म्हणजे मिठी नदीचे मुख. १८४५ साली तेथे जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नीच्या देणगीतून माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा रस्ता खुला झाला. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत नदीच्या दोन्ही काठांवर भराव पडत गेले, मुख आवळत गेले आणि शहराला नकोसे झालेले सर्व काही त्या पाण्यात सोडले गेले. अशा चिखलावर घर करणारा माणूस स्वतःच डबर आणि माती टाकून पायाखालची जमीन तयार करतो. कंपनीने केली तर ती 'भरणी' आणि विकास. झोपडीवाल्याने केली तर ते अतिक्रमण. कृती एकच आहे, तिची नावे मात्र कर्त्याच्या ऐपतीनुसार बदलतात. या कादंबरीतील वस्ती ही शहराच्या पोटातील विकृती म्हणून न वाचता शहराच्या मूळ कृतीची गरिबांनी केलेली पुनरावृत्ती म्हणून वाचली, तर तिचा अर्थ अधिक खोल जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीचे पाणी दोन्ही काठांवरील वस्तीत शिरले, तेव्हा खाडीने नावांतला हा भेद मानला नाही. मात्र नुकसान सोसण्याची ताकद दोन्ही काठांवर सारखी नव्हती.

५

आतापर्यंतच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि मराठी समीक्षेच्या परंपरेत तो वजनदार आहे. बा. सी. मर्ढेकर यांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथाने कलाकृतीचे मूल्य तिच्या अंतर्गत लयीत, संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांत शोधावयास शिकविले. बंदरे, बांध आणि जाळी यांची माहिती समीक्षेत आणणे म्हणजे कलाकृती सोडून भूगोलाच्या मागे लागणे नव्हे काय? हा आक्षेप टाळून चालणार नाही. किनाऱ्याविषयीच्या ज्ञानाने कलाकृतीच्या रचनेचे काही आकलन वाढत नसेल, तर ते ज्ञान समीक्षेत उपरे आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु जेथे किनाऱ्याची घडणच कृतीची रचना ठरविते, तेथे ते टाळणे हेच रचनेचे अपुरे वाचन होते.

अमिताव घोष यांची 'द हंग्री टाइड' (२००४) ही इंग्रजी कादंबरी याचे उत्तम उदाहरण आहे. सुंदरबनात घडणाऱ्या या कादंबरीचे दोन भाग आहेत : भाटा आणि जोयार, म्हणजे ओहोटी आणि भरती. ओहोटीत जमीन उघडी पडते, भरतीत बुडते. त्याप्रमाणे पहिल्या भागात गतकाळ हळूहळू उघडा पडतो आणि दुसऱ्या भागात तो वर्तमानावर चढत येतो. ही लय सजावटीची नाही. तेथील वस्तीच मुळी बांधांच्या आधाराने, रोज दोनदा चढणाऱ्या पाण्याशी घासाघीस करीत टिकलेली आहे. स्कॉटिश व्यापारी डॅनिएल हॅमिल्टन यांनी १९०३ मध्ये गोसाबा परिसरात जमीन घेऊन सहकारी तत्त्वावर वसाहत वसविण्याचा जो प्रयोग केला, तो कादंबरीत येतो. आदर्शवादी शिक्षक निर्मल त्याच स्वप्नाचा वारसदार आहे. हा निर्मल एका प्रसंगी लहानग्या फोकीरला बांधाला कान लावावयास सांगतो. आत खेकडे अहोरात्र पोखरीत आहेत, त्याचा तो आवाज. मनुष्याने उभा केलेला किनारा किती तकलादू आहे, हे सांगण्यासाठी घोष यांना वादळाचे वर्णन करावे लागले नाही.

परंतु घोष येथेच थांबत नाहीत. पूर्व बंगालमधून आलेले आणि दंडकारण्यात पाठविलेले निर्वासित १९७८ मध्ये परत येऊन मोरिचझापी बेटावर वसले, आणि वनसंरक्षणाचे कारण दाखवून १९७९ मध्ये त्यांना बळाने हुसकण्यात आले. ही घटना कादंबरीच्या मर्मस्थानी आहे. किनारा भरणे ही जशी कृती, तशी तो राखणे हीही कृतीच होय. आणि राखणाराही कोणाला तरी बेघर करू शकतो. बनबीबीच्या लोककथेत वनाचा उपभोग आणि वनाची मर्यादा यांची वाटणी देवीने करून दिलेली आहे. कादंबरीतील आधुनिक पात्रांजवळ अशी सर्वमान्य वाटणी नाही. सागरी प्राण्यांची अभ्यासक पिया हिला डॉल्फिन वाचवावयाचे आहेत. कुसुमला राहण्यापुरती जमीन हवी आहे. दोघींचा आग्रह न्याय्य आहे. या दोन न्याय्य मागण्यांचा विरोध कादंबरी सोडवीत नाही. तो तोलून धरते. मर्ढेकरांच्या परिभाषेतच बोलावयाचे तर येथील विरोध आणि समतोल किनाऱ्याच्या घडणीतून आलेले आहेत. त्या घडणीचे ज्ञान वगळून त्यांचे आकलन होणार नाही. मे २००९ मध्ये आयला चक्रीवादळाने सुंदरबनचे बांध जागोजागी फुटले आणि खारे पाणी शेतांत शिरले. निर्मलने ऐकविलेला आवाज आतापर्यंत पुष्कळांच्या कानी पोचला आहे.

६

या ग्रंथांची तुलना केली असता एक क्रम ध्यानात येतो. माडगांवकरांना किनाऱ्यावरचा कर्ता दिसला, पण हानी दिसली नाही. तकळींना हानी दिसली. तिचा कर्ता त्यांच्या पात्रांनी चुकीचा ओळखला, आणि ही चूक त्यांनी कलेच्या पातळीवर नेली. कर्णिकांनी किनाऱ्याने उरविलेल्या माणसांना कादंबरीत जागा दिली. घोष यांनी कर्ता, हानी आणि राखण या तिन्हींचा गुंता एका रचनेत बांधला. या क्रमाला प्रगती म्हणणे धाडसाचे होईल. प्रत्येक काळाने आपल्याला दिसला तेवढा किनारा लिहिला, एवढेच म्हणता येईल.

मराठी गद्यापुरता विचार केला तर माडगांवकरांनी उघडलेले खाते पुढे नेमाने लिहिले गेलेले दिसत नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बॅक बेची भरणी पुन्हा सुरू झाली. तिच्यातील गैरकारभार खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. आणि पुढे त्याच किनाऱ्यावर समुद्र हटवून केलेल्या जमिनीला नरिमन पॉइंट हे नाव मिळाले. या विपर्यासाला साजेशी कादंबरी मराठीत अद्याप यावयाची आहे. वरळीला किनारी मार्गाचे काम चालू असता तेथील कोळ्यांनी होड्यांच्या वाटेवरील पुलाच्या खांबांमध्ये अधिक अंतर ठेवण्याची मागणी लावून धरली, आणि २०२२ च्या अखेरीस हे अंतर ६० मीटरऐवजी १२० मीटर करण्याचे मान्य झाले. त्या साठ मीटरांच्या तंट्यात वारा, प्रवाह, भरतीची वेळ आणि होडी वळविण्यास लागणारी जागा यांचे पिढीजात ज्ञान पणाला लागले होते. अभियंत्याच्या नकाशात हे ज्ञान नव्हते; साहित्यातही ते फारसे उतरलेले नाही.

तेव्हा समीक्षेने 'निसर्गवर्णना'चा तो जुना रकाना बंद करण्यास हरकत नसावी. त्याच्या जागी किनाऱ्याची कृती आणि तिचा हिशेब यांचा विचार आला, तर जुने ग्रंथ नव्याने उघडतील आणि नव्या लेखकापुढे एक मोकळे क्षेत्र दिसेल. पायधुणीला आज पाय धुण्यास समुद्र नाही. पण ज्यांनी तेथे पाय धुतले आणि ज्यांनी नंतर तेथे माती टाकली, त्या दोघांची कथा एकाच ग्रंथात मांडण्याचे काम 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाल्यापासून शिल्लक आहे.